एक्केचाळीस दुरुस्त्या

आमच्या प्रकाशनात माझं काम तपशील-वाचनाचं. गोष्ट कशी वाटली हे मला कुणी विचारत नाही. नायिकेचे डोळे चौथ्या पानावर घारे आणि नव्वदाव्यावर काळे निघाले, तर ते मी पकडायचं. सोमवारी परीक्षा सुरू झाली आणि दोनच दिवसांनी रविवार उजाडला, तर तेही माझ्याच खात्यात. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात दुरुस्ती करायची आणि शेवटी यादी जोडायची. संपादकांचा एक नियम आहे. तपशील वाचणाऱ्याला पुस्तकाबद्दल अवाक्षर सांगायचं नाही, आणि हस्तलिखित दोन गठ्ठ्यांत द्यायचं. "गोष्ट कळली की माणूस गोष्ट वाचत बसतो," ते म्हणतात. "तू वाचू नकोस. खडे निवड."

मला हे काम मनापासून आवडतं. कॉलेजात मानसशास्त्र घेतलं होतं, त्याचा उपयोग काय, असं सगळे विचारायचे. उपयोग हा, की मला चुका दिसतात. नवरा म्हणतो, चुकाच दिसतात.

आमची मुलगी सात वर्षांची आहे. घरात तिला खारू म्हणतो, कारण ती दिसेल त्यावर चढून बसते आणि गालात काहीतरी साठवून ठेवते. तीन वर्षांची असताना तिचा कान फुटला, ताप चढला आणि माझ्या मांडीवरच तिला झटका आला. एक मिनिट. तापात काही मुलांना असं होतं, पुन्हा होईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. पुन्हा झालंही नाही. माझं ते मिनिट मात्र चार वर्षं चालूच होतं.

यंदापासून तिच्या शाळेत शनिवारी पोहण्याचा तास सुरू झाला. मी एकामागून एक चार चिठ्ठ्या पाठवल्या. पहिलीत सर्दी होती, आणि सर्दी खरोखरच होती. दुसरीत कान ठणकत होता. म्हणजे बुधवारी एकदा ती तसं म्हणाली होती. तिसरीत थोडी कणकण. चौथीत काय लिहिलं ते आठवत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. मग शाळेकडून निरोप आला: यापुढे डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. मी लगेच पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली. एकदाच वर्षभराची सूट लिहून घ्यायची, म्हणजे दर शनिवारची कटकट नको.

खारूला यातलं काही ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. ती पोहण्याची टोपी घालून घरभर फिरायची. सतरंजीवर पालथं पडून हातपाय मारायची.

"आई, मी पलीकडच्या काठाला पोचले."

"शाब्बास."

"तू बघितलंच नाहीस."

"बघितलं की."

"मग सांग, मी किती वेळा श्वास घेतला?"

नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. जगातल्या सगळ्या गोष्टी त्याच्या लेखी लिफ्टसारख्या असतात. "चांगल्या चालत्या लिफ्टचं झाकण रोज उघडून बघ," तो म्हणाला, "एक दिवस ती अडकणारच. स्क्रू आपणच ढिले करायचे आणि मग म्हणायचं, बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"माझी मुलगी लिफ्ट नाही."

"बरोबर. लिफ्ट बिचारी सहन करते. ही मोठी झाली की बोलेल."

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एका कादंबरीचा पहिला गठ्ठा आला. एकशेवीस पानं. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकांसाठीची गोष्ट, सांगणारी मुलगीही पंधराचीच. लहानपणापासून आजारी. तिची आई एक वही ठेवते. ताप, औषधं, झोप, उलट्या, सगळं तारखेनिशी. त्या वहीतली पानंच्या पानं मधूनमधून दिली होती. मी हरखूनच गेले. असं काम म्हणजे मला मेजवानी. आणि चुका तरी किती! लिहिणाऱ्या बाईंचं लक्ष कुठे होतं कोण जाणे. औषध डाव्या कानात आणि दुखतोय उजवा. ताप एकशेतीन आणि मुलगी दोरीवरच्या उड्या मारतेय. सकाळी झोपेचं औषध आणि दुपारी गणिताची परीक्षा. मी एकेक गोष्ट रुळावर आणली. तीन दिवसांत एक्केचाळीस दुरुस्त्या. शेवटी न राहवून बासष्टाव्या पानाच्या कडेला लिहिलं: 'आई फार छान उतरली आहे. लेकीला डोळ्यांत तेल घालून जपते.' एरवी मी असं काही लिहीत नाही.

संपादकांनी माझ्या भरवशावर यादी न उघडता गठ्ठ्यासकट लेखिकेकडे पाठवून दिली.

सोमवारी लेखिका स्वतःच दारात उभ्या. सत्तरीच्या, उंच, हातात गठ्ठा. जन्मभर मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या आणि निवृत्त झाल्यावर लिहू लागल्या, एवढं मला नंतर कळलं. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "यातली पेन्सिल कोण?"

"मी."

"बस अशी समोर. पान अठरा. ताप एकशेतीन, मुलगी उड्या मारतेय. तू काय केलंस?"

"ताप नव्व्याण्णव केला."

"का बरं?"

"एकशेतीनला मूल उड्या मारत नाही."

"नाहीच मारत! मग आईने वहीत एकशेतीन का लिहिलंय?"

मी मान वाकवून अठरावं पान पुन्हा वाचलं.

"पान सव्वीस. औषध डाव्या कानात, दुखतोय उजवा."

"दोन्हीकडे डावा केला."

"पान चाळीस. महिनाभर जुलाब, आणि फ्रॉक अंगाला घट्ट होतोय."

"फ्रॉक सैल केला," मी म्हणाले. माझाच आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

लेखिकेने गठ्ठा मिटला. "समज, मी एका खुनाची गोष्ट लिहिली. सुरी टाकली, रक्ताचे थेंब टाकले, दारात चिखलाचा बूट ठेवला. तू काय केलंस? सुरी घासून फडताळात लावलीस, फरशी पुसलीस आणि बुटाला पॉलिश करून ठेवलंस."

संपादकांना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी बघावंसं वाटलं. त्यांचे खांदे हलत होते.

"मुलगी आजारी नाहीये," मी हळूच म्हटलं.

"ठणठणीत आहे. तिला जे होतं ते आईच्या औषधांनी होतं. नसलेली दुखणी आई वहीत लिहिते आणि डॉक्टरांना दाखवते. मी चाळीस पुरावे पेरले होते. शोधून शोधून चाळीसच्या चाळीस पुसलेस!"

"दुरुस्त्या एक्केचाळीस होत्या."

"एक माझी खरीच चूक होती. मावशीचं वय. ती तेवढी राहू दे."

आता संपादक उघड हसले आणि मलाही हसू फुटलं, पण ते अर्ध्यावर अडकलं. लेखिका माझ्याकडे निरखून बघत होत्या. ताप आलेल्या मुलाकडे बघावं तसं.

"आमच्या इमारतीतल्या चार मुलींना मी हे वाचायला दिलं होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या. तिसाव्या पानापर्यंत चौघींनी आईला पकडलं. तू एकशेवीस पानं वाचलीस आणि तिला डोस नीट लावून दिलेस. घरात मूल आहे?"

"सात वर्षांची मुलगी."

"वाटलंच. मग माझं एक काम कर. पुस्तकाच्या शेवटी मला टीप हवीय. त्या चौघींनी आईला पकडलं खरं, पण 'दुष्ट आहे' म्हणाल्या आणि मोकळ्या झाल्या. ती असं का करते, हे कुणीतरी मांडायला हवं. तू मांड. तिच्यावर विश्वास टाकणारी एवढी एकच वाचक मला भेटली आहे."

दुसरा गठ्ठा मी घरी आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचला. मुलगी आपली शाळेची डायरी आणि आईची वही शेजारी शेजारी ठेवते. ज्या दिवशी ती तापाने फणफणली होती म्हणे, त्या दिवशी ती धावण्यात दुसरी आली होती. त्याच्या आधीचा एक प्रसंग आहे. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर सगळे कागद बघून म्हणतात, "काही नाही, मुलगी उत्तम आहे." मुलगी आनंदाने आईकडे वळते, आणि आईचा चेहरा पडलेला असतो. क्षणभरच. मग आई तो सावरते आणि हसते.

तिथे मी थांबले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. मी आठवून बघायला लागले: डॉक्टरीणबाई 'काही नाही' म्हणतात तेव्हा माझं तोंड कसं होतं? काही केल्या आठवेना. आपला चेहरा आपल्याला फक्त आरशातला माहीत असतो, आणि आरशासमोर बसून कुणी डॉक्टरांचं ऐकत नाही.

बुधवारी टीप लिहून काढली. कॉलेजची जुनी टिपणं माळ्यावरून काढली होती. लहानपणी न मिळालेलं प्रेम, लक्ष वेधून घ्यायची गरज, मूल म्हणजे आपलाच एक अवयव वाटणं. तीन मुद्दे, तीन परिच्छेद. गुरुवारी दुपारी लेखिकेचा फोन आला.

"वाचली. सगळं खरं आहे, पण त्या घरात माणूस नाही."

"म्हणजे?"

"रोग आहे, आई नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत अशा दोघीच पाहिल्या मी. पहिली मला वॉर्डातल्या सगळ्या आयांत लाडकी होती. सगळ्या नर्सेसची नावं पाठ, कुणाच्या मुलाची परीक्षा कधी तेही ठाऊक. खुर्ची दिली की अशी बसायची, जणू घरी तिला कुणी 'टेक जरा' म्हटलंच नव्हतं. इकडे आम्ही सगळे विचारायचो: जेवलात का, झोपलात का, किती करता हो तुम्ही! त्या 'किती करता'साठी ती लेकराला पुन्हा पुन्हा घेऊन यायची."

"मग ओळखलीत कशी?"

"चांगला रिपोर्ट आला की बाकीच्या आया रडायच्या. ही पुढची तारीख मागायची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय गं? गेलीस का?"

"उद्या आमची वेळ आहे," मी म्हणाले, आणि मग सगळं सांगून टाकलं. कान, झटका, ते मिनिट, चार चिठ्ठ्या, वर्षभराची सूट.

"तू तिला काही देतेस? औषध, गोळी, आजारी पडावी म्हणून?"

"नाही हो! छे!"

"मग तू ती बाई नाहीस. तू घाबरट आहेस. घाबरटपणाने अजून कुणाचं मूल मेलेलं मी पाहिलं नाही. आता सांग, चौथ्या चिठ्ठीत काय होतं?"

"तेच आठवत नाही म्हटलं ना."

"मावशीचं वय तुझ्या लक्षात राहिलं आणि हे नाही? मला नको शिकवू."

मी भिंतीकडे तोंड केलं. स्वयंपाकघरात खारू खुर्चीवर चढून कपाटातलं काहीतरी काढत होती. "पोटात दुखतंय म्हणून लिहिलं होतं," मी म्हणाले. "दुखत नव्हतं. त्या सकाळी तिने दोनदा न्याहारी केली होती."

"हं," त्या म्हणाल्या. "हे तुला कुणी विचारलं तर सांगता येतं. माझ्या गोष्टीतल्या आईला सांगता येत नाही. उद्या दवाखान्यात जा, पण पोरीकडे बघ. डॉक्टरांकडे बघू नकोस."

शुक्रवारी दवाखान्यात पोचलो. खरं सांगायचं तर बाहेरच्या त्या खोलीत मला नेहमीच बरं वाटतं. तिथे काळजी करण्याबद्दल कुणी हसत नाही. सगळ्याजणी आपापलं मूल धरून बसलेल्या. एकीला विचारावं 'किती दिवस झाले?' आणि तिने सुरू करावं. त्या दिवशी मी कुणालाच काही विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून खारूचे कान बघितले. "अगदी स्वच्छ."

"दोन्ही?"

"दोनच आहेत ना?"

खारू खिदळली. बाईंनी कागद पुढे ओढला. "फोनवर म्हणाला होतात, शाळेसाठी चिठ्ठी हवीय. वर्षभराची ना? तशी गरज नाही, पण तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर लिहिते काहीतरी. जुना कान म्हणून."

पेनाचं टोपण निघालं. मी खारूकडे बघितलं. ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. उंच स्टुलावर बसून, लोंबकळते पाय मध्येच थांबवून. तिला सगळं समजलं होतं. कदाचित दुसऱ्या चिठ्ठीपासूनच समजत आलं होतं.

'हो' म्हणणं फार सोपं होतं. शब्द जिभेवर तयार होता.

"नको," मी म्हणाले. "पोहायला हरकत नाही, असं लिहून द्या."

"अहो, त्याला चिठ्ठी लागत नाही."

"शाळेला नाही लागत. मला लागते."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मग खरंच लिहिलं. तारीख घातली, सही केली, शिक्काही मारला. खारूने तो कागद माझ्या हातात येऊ दिला नाही.

रस्त्यात मी तिला विचारलं, "कान स्वच्छ आहे म्हणाल्या तेव्हा मी कशी दिसत होते गं?"

तिने विचार केला. ती उत्तर देण्याआधी खरंच विचार करते. "आपण पळत जातो आणि बस निघून जाते ना, तेव्हासारखी."

"वाईट?"

"वाईट नाही. आता काय करायचं, असं."

रात्रीपर्यंत थांबले नाही. दुपारीच टीप पुन्हा लिहिली. या वेळी टिपणं माळ्यावरच राहू दिली. लिहिलं, की काही घरांत आईला बसायला जागा नसते, आणि मूल आजारी पडलं की ती जागा मिळते; पुढे जागा सोडवत नाही. लिहिलं, की भीती आणि मुलाला आजारी पाडणं या गोष्टी वेगवेगळ्या असल्या तरी दोन्ही एकाच गल्लीत राहतात, आणि म्हणून चांगल्या आयांनीही येता-जाता दारावरचा नंबर बघावा. आणि मुलांसाठी: आपल्याच बाबतीत असं काही चाललंय असं वाटलं तर तुमचा काही दोष नाही, घराबाहेरच्या एका मोठ्या माणसाला सांगा, त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, कुणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहा. आईवर प्रेम असतानाही हे सांगता येतं.

संध्याकाळी लेखिकेचा फोन. "ठेवली. एक वाक्य कापलं."

"कुठलं?"

"तू माफी मागितलीस ते. ते पुस्तकात नको. घरात माग."

मागितली. खारूला जवळ बसवून सांगितलं, की पोटाची चिठ्ठी खोटी होती आणि ते माझं चुकलं. ती म्हणाली, "मला माहितीय. मी शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं की माझं पोट बरं झालं, तर त्या म्हणाल्या चिठ्ठीत लिहिलंय ना, बस." नवरा तिकडे बूट काढत होता. एरवी त्याने लिफ्ट काढली असती. आज त्याने फक्त बूट काढले.

शनिवारी मी तिला स्वतः तलावावर घेऊन गेले. पालकांनी काचेमागे बाकांवर बसायचं. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात शिट्टी होती आणि आवाज शिट्टीहून मोठा. बारा टोप्या पाण्यात उतरल्या. आमची टोपी हिरवी.

सतरंजीवर इतक्या वेळा पलीकडे पोचलेली माझी लेक पाण्यात दोन हात मारून सरळ खाली गेली. मी उभी राहिले. बाईंनी तिला काखेत धरून वर काढलं, ती खोकली, तोंड लालबुंद झालं, आणि तिने काठ सोडला. पुन्हा खाली. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बसा हो. माझी गेल्या महिन्यात निम्मा तलाव प्यायली. आता बघा, तिसरी टोपी, पिवळी." मी बसले. पिवळी टोपी बघितली. मग हिरवी बघितली. ती खाली जात होती, वर येत होती, आणि वर आली की दर वेळी तोंड उघडं. ती रडतेय असं मला आधी वाटलं. काच पुसून बघितलं तर हसत होती.

तास संपल्यावर ती थरथरत, दात वाजवत आली. माझ्या तोंडात प्रश्न तयार होता. कान या शब्दानेच सुरू होणारा. मी तो गिळला आणि विचारलं, "पाणी कसं होतं?"

"गार! आणि आई, खारट नव्हतं!"

"खारट असतं असं कोण म्हणालं?"

"मलाच वाटायचं. मी नऊ वेळा बुडले. मोजलं मी. त्या पिवळ्या टोपीवालीला विचार, ती पण मोजत होती." मी तिला टॉवेलात गुंडाळलं. आतून आवाज आला, "पुढच्या शनिवारी पाचदाच."

"पाचदा काय?"

"बुडणार. एकदम शून्य नाही होत, आई. हळूहळू होतं."

"बरं," मी म्हणाले, आणि तिचे केस पुसायला घेतले.